हातची बारा मिनिटं

हर्षाली फेगडे गावाशी खोटं बोलायची. रोज नाही, हिवाळ्यातून पाच-सहा वेळा, आणि दर वेळी बरोबर बारा मिनिटांचं. करंजोदमध्ये हे तिच्या नवऱ्याला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं. भूषणच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण एवढी एक गोष्ट त्यानं दोन वर्षं सांभाळली होती.

हर्षाली गावाची वारासेविका होती. आशासेविका असते तशीच. फरक एवढाच की हिच्याकडे औषधांऐवजी एक लहानसं यंत्र आणि एक मोठा भोंगा असायचा. यंत्र तिच्या अंगठ्याशिवाय उघडत नसे. त्यावर एक वेळ उमटायची. ती वेळ भोंग्यावरून गावाला सांगायची आणि वाराघराच्या दारात उभं राहून माणसं मोजून आत घ्यायची, एवढं तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. वाटायचं तिलाही, पहिल्या हिवाळ्यात.

आता हा वारा कुठला, ते सांगायला हवं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना वादळं नवी नाहीत, पण ती वळवाची, उन्हाळ्यातली. पौष-माघात सुटणारा हा 'उत्तऱ्या' गेल्या पंधरा वर्षांतला. उत्तरेची थंड हवा जड असते. ती जमिनीलगत सरपटत येते आणि आपल्याकडच्या उबदार, हलक्या हवेखाली पाचर ठोकावी तशी घुसते. वरची हवा उचलली जाते, खालची पुढे रेटते, आणि दोघींच्या मधल्या रेषेवर वारा पिसाळतो. पूर्वी ही थंड हवेची आघाडी पंजाब-राजस्थानातच दमून बसायची. पुढे ध्रुवाकडचा बर्फ वितळला, उंचावरच्या जोरदार वाऱ्यांचा पट्टा सैल पडून हेलकावे खात दक्षिणेला उतरू लागला, आणि आघाड्या तापीपर्यंत पोचायला लागल्या. त्यात आमचा सातपुडा. त्याच्या पलीकडे ही हवा धरणातल्या पाण्यासारखी तुंबते, आणि एकदा खिंड सापडली की ताशी सव्वाशे किलोमीटरनं खाली येते. आधी वारा, मागून पाऊस, आणि कडाका सगळ्यांत शेवटी, रात्री. हा क्रम लक्षात ठेवा, कारण तो एका म्हाताऱ्यानं लक्षात ठेवला नाही.

यंत्राची करामत वेगळीच होती. रस्त्याकडेनं इंटरनेटसाठी पुरलेल्या काचेच्या बारीक तारा देशभर आहेत. त्यांतून प्रकाशाचे ठोके सोडले की तार जिथं हलली असेल तिथून थोडासा प्रकाश बदलून परत येतो. वाऱ्यानं खांब हलतो, झाड हलतं, त्यांच्या बुडाशी जमीन कणभर थरथरते आणि ती थरथर तारेला कळते. खांडव्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत आघाडी कुठं पोचली, किती वेगानं सरकतेय, हे दर सेकंदाला समजू लागलं. मग गावागावाची वेळ काढणं हे नुसतं गणित उरलं. 'करंजोद, पाच वाजून वीस' म्हणजे पाच-वीस. चूक अर्ध्या मिनिटाची.

सुरुवातीला ही वेळ प्रत्येकाच्या फोनवर यायची. लगेच खोट्या वेळा पसरवणारे महाभाग निघाले, आणि एका गावात त्यापायी सात माणसं गेली. तेव्हापासून एक गाव, एक यंत्र, एक वारासेविका असा नियम झाला. स्लॅबच्या घरातल्यांनी आतल्या खोलीत, खिडक्यांपासून लांब बसायचं. पत्र्याच्या घरातल्यांनी आणि शेतात असलेल्यांनी वाराघर गाठायचं. वाराघर म्हणजे अर्धं जमिनीत पुरलेलं, बिनखिडकीचं, लोखंडी दाराचं काँक्रीटचं दालन. गावच्या उत्तरेला उंचवट्यावर होतं, तिथून सगळी शिवारं दिसायची.

पण माणसाची जात मोठी विचित्र. 'संध्याकाळी वादळ येईल' असं मोघम सांगितलं की माणूस दुपारपासून घाबरून घरात बसतो. 'पाच-वीस' सांगितलं की तो पाच-अठरापर्यंत केळीचे घड झाकत राहतो. अंदाज जितका अचूक, तितकी माणसं निवांत. पहिल्या हिवाळ्यात तुषार इंगळे नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण वाराघरातून पाच-सतराला उठला. तीन मिनिटं आहेत, मोटरसायकल आडोशाला लावून येतो म्हणाला. हर्षालीनं त्याला जाऊ दिलं, कारण तीन मिनिटं खरोखरच होती. मोटरसायकलची चावी लागली नाही, एवढंच झालं. शाळेच्या छपराचा पत्रा त्याला दारापासून वीस पावलांवर लागला.

पुढच्या वाऱ्याला तिनं पहिल्यांदा वेळ कमी सांगितली. बारा मिनिटंच का, तर गावच्या सर्वांत लांबच्या विहिरीवरून, कोल्हे कुटुंबाच्या मळ्यातून, भरभर चालत वाराघरापर्यंत यायला बारा मिनिटं लागतात. ती स्वतः चालून आली होती. त्यानंतर त्या हिवाळ्यात आणखी कुणी गेलं नाही. सरोद्यांचे दोघे भाऊ तर सांगितलेल्या वेळेनंतर अकरा मिनिटांनी पोचले आणि आज आपलं नशीब जोरावर होतं म्हणाले. हर्षालीनं त्यांना पाणी दिलं. वारा सांगितल्यापेक्षा उशिरा येतो हे गावाच्याही लक्षात आलं, पण सातपुड्यात अडखळत असेल, म्हणत लोक आत बसून राहायचे.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

गेल्या माघात तिनं एक-दहा सांगितली, खरी एक-बावीस. मंगलाबाई झोपे, सासष्ट वर्षांच्या, बांधावर निंदत होत्या. भोंगा ऐकून त्या पळत सुटल्या. नाल्याच्या उतारावर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. लोकांनी उचलून वाराघरात आणलं तेव्हाही वारा यायला चार मिनिटं बाकी होती. मंगलाबाई एकोणिसाव्या दिवशी गेल्या. गाव म्हणालं, उत्तऱ्यानं नेलं. हर्षालीनं झोप्यांकडे तेरा दिवस डबा पोचवला. मंगलाबाईंची सून हेमांगी रोज रिकामा डबा घासून परत द्यायची आणि म्हणायची, काकू, तुम्ही नसत्या तर आम्ही काय केलं असतं. हर्षालीला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

भूषण तिला समजवायचा. सरोद्यांची दोन माणसं जगली, मंगलाबाई गेल्या, हिशेब तुझ्याच बाजूचा आहे, म्हणायचा. तिला तो हिशेब मांडताही येत नव्हता आणि पुसताही येत नव्हता. पण वेळ तिनं बाराच मिनिटं कमी सांगायची चालू ठेवली.

आणि मग यंदाच्या पौषातला तो दिवस आला.

सकाळपासून पान हलत नव्हतं. पौषात घाम यावा असा उकाडा. दुपारी यंत्रावर वेळ आली, चार-बावन्न. हर्षालीनं चार-चाळीस सांगितली. चारपर्यंत वाराघरात शंभरावर माणसं जमली. लेकरं, शेळ्या, कुणाची शिलाई मशीनसुद्धा. हेमांगी नेहमीसारखी दारापाशी बसून आलेल्यांची नावं लिहायला मदत करत होती. सासू गेल्यापासून ती दर वाऱ्याला सगळ्यांच्या आधी यायची.

चार-अकराला आप्पा आले, हर्षालीचे सासरे. अंगाला धुराचा वास, चेहऱ्यावर समाधान.

केळीला थंडी सोसत नाही. पारा उतरला की बागेच्या कडेला ओल्या-सुक्या पालापाचोळ्याचे ढीग रचून धूर करायचा, म्हणजे गारठा वरच्या वर राहतो, हे या भागातलं जुनं शहाणपण. आप्पांनी साठ वर्षं तेच केलं होतं. दुपारच्या बातम्यांत त्यांनी एवढंच ऐकलं की आज पारा तीनवर जाणार. वाराघरात जायचं तर संध्याकाळी ढीग कोण पेटवणार? म्हणून आप्पा सहाच्या सहा ढीग आत्ताच पेटवून आले होते. बागेच्या खाली, दक्षिणेला, हरभरा, त्याच्या खाली पत्र्याच्या सत्तर घरांची वस्ती, आणि येणारा वारा उत्तरेचा.

भूषणचा चेहरा उतरला. "आप्पा, आधी वारा येते. थंडी मांगून."

आप्पांना उमगायला क्षणभर लागलं. मग त्यांनी दाराबाहेर, बागेकडे पाहिलं.

भूषणनं खांद्यावरचा कोट आप्पांजवळ टाकून दोन घागरी आणि फावडं उचललं. हर्षाली आडवी आली, तेव्हा तो तिच्या कानाशी एवढंच म्हणाला, "तुही बारा धरून अडतीस मिनिटं आहेत आपल्याजोळ. पाच मिनिटं जायला, पाच यायला. बाग जळो, वस्ती नाही जळली पाह्यजे." आणि मोटरसायकलला लाथ मारून खाचखळग्यांच्या वाटेनं निघाला. चार-चौदा झाले होते.

हर्षाली दुर्बीण घेऊन दारात उभी राहिली. पहिला ढीग विझला, दुसरा विझला. ठिबकची नळी तोडून तो पाणी घेत होता. गडबड नाही, घाई नाही, वेळ हाती असलेल्या माणसाचं काम. तिसरा विझला तेव्हा तिला जरा हायसं वाटलं.

चार-तीसला यंत्र थरथरलं. सातपुड्यातल्या पाल गावाकडची खिंड फुटली होती. तुंबलेली हवा आघाडीची वाट न पाहता पुढं सुटली होती. नवी वेळ, चार-एकोणचाळीस.

तिनं दोनदा वाचलं. आतल्या माणसांना काही फरक पडत नव्हता. त्यांना चार-चाळीस सांगितले होते, वारा चार-एकोणचाळीसला येणार होता. त्यांच्या दृष्टीनं एका मिनिटाची गोष्ट. खऱ्या वेळेच्या भरवशावर बाहेर असलेला अख्ख्या शिवारात एकच माणूस होता, आणि त्याला खरी वेळ तिनंच सांगितली होती. तिनं फोन लावला. आप्पांच्या शेजारी पडलेल्या भूषणच्या कोटाच्या खिशात तो वाजला.

तिनं भोंग्याचं बटण दाबलं. "नवी वेळ. चार एकोणचाळीस. भूषण फेगडे यांनी ताबडतोब वाराघरात यावं." पुन्हा सांगितलं. दुर्बिणीतून पाहिलं, तर भूषणनं मान वर केली, भोंग्याच्या दिशेनं हात हलवला आणि चौथ्या ढिगाकडे वळला. त्यानं काय हिशेब केला असेल, तिला इथं उभ्यानं दिसत होतं. एकोणचाळीस अधिक बारा, एकावन्न. एका मिनिटानं वेळ अलीकडे आली, बायको नेहमीसारखी घाबरली. 'ताबडतोब या' तर ती दर वाऱ्याला म्हणायचीच.

बारा कमी करून सांगावं, तर चार-सत्तावीस. ती वेळ केव्हाच होऊन गेली होती. तिचं खोटं आता सांगण्यापुरतंही उरलं नव्हतं. कुणाला गाडीवर पाठवावं, तर पाच मिनिटं जायला आणि पाच यायला. दुसऱ्याची बाई विधवा करण्याचा तो प्रकार झाला असता.

चार-बत्तीस.

उरलं एकच. खरं सांगणं. पण भोंग्यावर सांगितलेलं भूषणला एकट्याला ऐकू जाणार नव्हतं. आज सांगितलं की उद्यापासून गावातला प्रत्येक माणूस बोटांवर बारा मिळवणार. पुन्हा कुणी मोटरसायकलसाठी उठणार. हर्षालीच्या मनात त्या एका मिनिटात आलं की गप्प बसावं. हे तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही, पण आलं होतं. एका बाजूला शंभर माणसं, एका बाजूला आपलं माणूस, आणि त्या दोन्हींच्या मधे, हातभर अंतरावर, वही घेऊन बसलेली हेमांगी.

तिनं हेमांगीकडे पाहिलं नाही. बटण दाबलं.

"अहो, आयका. ह्या वख्ती बारा मिळवू नका. चार एकोणचाळीस म्हणजे चार एकोणचाळीसच. दोन वर्षांपासून मी गावाले बारा मिनिटं कमी सांगत आली. आज खरी सांगून राह्यली. या."

आवाज शिवारभर गेला. भूषणनं फावडं टाकलं.

तो यायला लागलेली पाच मिनिटं हर्षालीनं पाहिली नाहीत, मोजली. अडतीसला उत्तरेचं आभाळ मातकट झालं आणि धुळीची एक भिंत सातपुड्याच्या पायथ्यावरून सरकताना दिसली. सरोद्यांचा धाकटा दार धरून उभा राहिला. भूषणनं मोटरसायकल तशीच पाडली आणि आत उडी घेतली. दार लागलं, अडसर पडला, आणि बाहेरून कुणी मालट्रक आणून आपटावा तसा दारावर दणका बसला. शेळ्या ओरडायला लागल्या. एक बाई मोठ्यानं रडू लागली.

वीस मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. हर्षाली भूषणचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती, सगळ्यांदेखत. तिला लाज वाटत नव्हती, फक्त भीती वाटत होती, आणि ती वाऱ्याची नव्हती.

मग पाऊस आला. राहिलेले ढीग वाऱ्यानं हरभऱ्यात उधळले होते, ते पावसानं विझवले. वस्ती वाचली. आवाज ओसरला तेव्हा हेमांगी वही मिटून उठली आणि हर्षालीसमोर येऊन उभी राहिली.

"काकू, आमच्या सासूबाईच्या वख्ती बी बारा व्हते का?"

हो किंवा नाही, दोन्ही सांगता आलं असतं. भूषणनं तिचा हात दाबला.

"व्हते," हर्षाली म्हणाली.

हेमांगी म्हणाली, "म्हणजे चालत आल्या असत्या तरी पोचल्या असत्या." तिनं हे विचारलं नव्हतं. हेमांगीनं वही तिच्या मांडीवर ठेवली आणि मुलाला घेऊन पावसातच घरी गेली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. तालुक्याचे साहेब आले, यंत्रातून हर्षालीचा अंगठा काढला. ग्रामसभेत तिच्या बाजूनं आणि विरुद्ध दोन्हीकडून भरपूर बोललं गेलं. सरोद्यांचे भाऊ तिच्या बाजूनं बोलले. तुषार इंगळेची आई जाताना हर्षालीच्या खांद्याला हात लावून गेली. नवी वारासेविका कोण, असा प्रश्न आला तेव्हा कुणी हात वर करेना. हेमांगीनं केला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला बजावलं की वेळ यंत्रावर दिसेल तीच सांगायची, आणि हेमांगीनं मान डोलावली.

माघात पुन्हा आघाडी आली. हेमांगीनं तीन-पाच सांगितली. आता खरीच सांगते म्हणून माणसं निवांत निघाली, आणि न जाणो, हीही तसंच करत असेल म्हणून काहींनी मनातल्या मनात बारा मिळवलीसुद्धा. शेवटचा माणूस तीन-चारला आत आला. हर्षाली केव्हाची येऊन मागच्या भिंतीशी बसली होती. हेमांगी तिच्याशी त्या दिवसापासून बोलली नव्हती.

तीन-पाच झाले. वारा आला नाही. तीन-दहा झाले. माणसं घड्याळं बघू लागली. तीन-सतरा झाले तेव्हा बारा मिळवणारेही चुळबुळायला लागले. बाहेर पान हलत नव्हतं. यंत्र बिघडलं, कुणीतरी म्हणालं. तीन-तेवीसला दशरथ कोल्हे उठला. विहिरीवरच्या मोटरचं झाकण उघडं राहिलं होतं, एवढ्यात जाऊन येतो म्हणाला.

हेमांगीनं अडसर टाकला, दाराला पाठ लावून खाली बसली आणि पाय समोर लांब केले. "बसा," म्हणाली.

"वेळ काय ते तर सांगशीन?" दशरथनं विचारलं. तिनं यंत्र पदराखाली सरकवलं. मग तो मागे वळला. "काकू, तुम्ही सांगा. तुमाले समजते हे."

सगळ्यांनी हर्षालीकडे पाहिलं. तिच्याकडे यंत्र नव्हतं, वेळ नव्हती, काहीच नव्हतं. ती उठली, लेकरांमधून वाट काढत दारापर्यंत आली आणि हेमांगीच्या शेजारी, लोखंडाला पाठ टेकून बसली. हेमांगी सरकली नाही. पण उठा असंही म्हणाली नाही.

"किती धरली?" हर्षालीनं तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं.

"मोजली नाहीत, काकू."

हर्षालीनं मान वर करून दशरथकडे पाहिलं.

"एक मिनिट राह्यलं," ती म्हणाली. "बसा."

दशरथ कोल्हे बसला.